उपऱ्याच्या दारातला उपरा

महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरते. चामोर्शी तालुक्यात वैनगंगा जिथे उत्तरेकडे वळते, तिथे काठावर जुनी कोरीव मंदिरे आहेत. आसपासचे गोंड, ढिवर, कुणबी, तेली आणि नदीपलीकडच्या गावांतले लोक तिथे जमतात. आमच्या वस्तीतलेही जातात. देवाला नाही, बाजाराला जातो, असे आम्ही १९५६ पासून सांगत आलो आहोत. अशाच एका जत्रेत रताळी आणि शिंगाडे विकणाऱ्या एका तरुणाशी आमच्या एका परिचित गृहस्थांची भावावरून बाचाबाची झाली. वाद दोन-पाच रुपयांचा होता. गृहस्थ तावातावाने म्हणाले, "तू त बांगलादेशी! तुले का समजते?" तो पोरगा खाली मान घालून तराजू सावरत बोलला, "मी इतंच पैदा झालो ना जी. माहा बापबी इतंच पैदा झाला." त्याची बोली आमचीच, झाडीपट्टीची होती.

हे गृहस्थ दरवर्षी १४ एप्रिलला आमच्या वस्तीत समतेवर भाषण करतात, आणि चांगले करतात. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. महाविद्यालयात दलित साहित्य शिकवणारा मी, त्या क्षणी काही बोललो नाही. या लेखाचा उगम त्या गप्प राहण्यात आहे. प्रश्न एका गृहस्थाच्या स्वभावाचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात साठ वर्षांपासून वसलेल्या बंगाली निर्वासितांकडे पाहण्याची जी दृष्टी आपल्यात रुजली आहे, तिचा हा प्रश्न आहे. आणि म्हणून तो आपल्या साहित्याचाही प्रश्न आहे.

दलित साहित्य उभे राहिले ते गावकुसाबाहेरच्या माणसाच्या अनुभवावर. १९६३ साली बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. परक्या गावी कामधंद्यासाठी गेलेल्या माणसाला निवाऱ्यासाठी जात लपवावी लागते आणि ती उघडी पडताच त्याच्यावर हात पडतात, हे मराठी वाचकाला त्या शीर्षककथेने दाखवले. १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आले आणि भटक्यांच्या पालातले जगणे साहित्यात आले. जिथे जावे तिथे परके ठरवल्या जाणाऱ्या माणसाने 'उपरा' ही शिवी उचलून आपल्या पुस्तकाच्या कपाळावर लावली. १९७३ च्या दलित पँथरच्या जाहीरनाम्याने तर 'दलित' या शब्दाची कक्षा जातीपलीकडे नेली. अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया अशा सर्व शोषितांना त्या एका शब्दाखाली बोलावले.

आपण प्रस्थापित साहित्याला सतत एक प्रश्न विचारत आलो: तुमच्या शंभर वर्षांच्या कथा-कादंबऱ्यांत आम्ही कुठे आहोत? प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. आता तोच प्रश्न आपल्या दारात उभा आहे. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांतल्या बंगाली वसाहतींतला माणूस आपल्या साहित्यात कुठे आहे? तो आपल्या आठवडी बाजारात आहे, एस.टी.च्या बाकावर शेजारी आहे, माझ्या वर्गात तिसऱ्या ओळीत बसलेला आहे. मराठी कवितेत, कथेत, समीक्षेत त्याचे स्थान किती, हे ज्याने त्याने आपल्या वाचनाला विचारून पाहावे. मी माझ्या वाचनाला विचारले, आणि मला लाज वाटली.

हा माणूस आहे कोण? तो पूर्व बंगालच्या फरीदपूर, बारिसाल, खुलना, जेसोर या नदीनाल्यांच्या मुलखातला. होडी, जाळे आणि भाताचे शेत हा त्याचा संसार. इथे वसवलेल्या कुटुंबांत मोठा वाटा नमःशूद्रांचा आहे. हा शब्द आपल्या तरुणांना नवा वाटेल. त्याआधीचा शब्द नवा वाटणार नाही. १९११ च्या जनगणनेपर्यंत सरकारी दप्तरात या समाजाची नोंद 'चांडाळ' अशी होत असे. मनुस्मृतीने गावाबाहेर घालवलेला, मेलेल्यांची वस्त्रे नेसायला लावलेला जो चांडाळ आपण ग्रंथात वाचतो, त्याचे नाव या जिवंत माणसांच्या कपाळी मारलेले होते. त्यांनी ते मुकाट्याने सोसले नाही. १८७२-७३ मध्ये फरीदपूर-बाकरगंज भागात त्यांनी उच्चवर्णीयांच्या कामावर बहिष्कार घातला. त्याच १८७३ साली पुण्यात जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. हरिचंद ठाकूर (१८१२-१८७८) यांनी ब्राह्मण पुरोहिताला आणि वेदप्रामाण्याला नाकारणारा मतुआ पंथ उभा केला, आणि त्यांचे पुत्र गुरुचंद यांनी शाळांचा ध्यास घेतला. फुले आणि हरिचंद यांनी एकमेकांचे नाव ऐकले असेल असे मानायला आधार नाही. तरीही दोन टोकांना, एकाच काळात, एकाच रोगावर दोघांनी सारखेच औषध शोधले.

आणि आता आपल्या ऋणाविषयी. १९४६ साली घटना समितीच्या निवडणुकीत बाबासाहेबांना मुंबई प्रांतातून निवडून जाण्याची वाट काँग्रेसने बंद केली होती. तेव्हा बारिसालचे जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांचे सहकारी पुढे आले, आणि बाबासाहेब बंगालच्या विधिमंडळातून घटना समितीत गेले. फाळणीमुळे ते सदस्यत्व संपले. जुलै १९४७ मध्ये ते मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून आले. पण पहिले दार नमःशूद्रांनी उघडले होते. आपण दर २६ नोव्हेंबरला संविधानाची उद्देशिका वाचतो. ते संविधान लिहिणाऱ्याला आत पाठवणाऱ्यांची नातवंडे-पतवंडे आज मार्कंड्याच्या जत्रेत रताळी विकतात, आणि आपण त्यांना 'बांगलादेशी' म्हणतो.

तो शब्दही इतिहासाला धरून नाही. बांगलादेश १९७१ साली जन्माला आला. इथल्या वसाहतींचा पाया घातला गेला तो प्रामुख्याने १९६४ च्या पूर्व पाकिस्तानातील दंगलींनंतर. त्या वेळी आलेल्या म्हाताऱ्याने जो देश सोडला तो पाकिस्तान होता; आणि तो जन्मला तेव्हा ती भूमी अखंड हिंदुस्थानात होती. जोगेंद्रनाथ मंडल स्वतः पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. दलित आणि मुसलमान शेतकरी एकत्र नांदतील अशी त्यांची आशा होती. ती मोडली, आणि १९५० च्या ऑक्टोबरात राजीनामा देऊन ते कलकत्त्याला परतले. त्यांच्या राजकारणाची चिकित्सा जरूर व्हावी. पण त्यांच्या पराभवाची किंमत त्यांच्या जातीने मोजली, हे विसरून ती होऊ नये.

निर्वासित सगळेच होते. पण निर्वासितांतही वर्णव्यवस्था शाबूत होती. आधी आलेल्या उच्चवर्णीयांनी कलकत्त्याच्या आसपासच्या रिकाम्या जमिनी ताब्यात घेऊन वस्त्या उभारल्या. बंगालीत त्यांना 'जबरदखल' कॉलनी म्हणतात. शिक्षण, नातेवाईक आणि राजकीय वजन यांच्या बळावर त्या कालांतराने नियमित झाल्या. मागून आलेल्या नमःशूद्र शेतकऱ्याला कॅम्प मिळाला, आणि कॅम्पातून बंगालबाहेरची वाट. १९५८ साली केंद्राने बस्तर आणि ओरिसाच्या कोरापूट-कालाहंडी भागासाठी दंडकारण्य प्रकल्प उभा केला. पुढे आपल्या चांदा जिल्ह्यातही जंगल तोडून वसाहती बसवल्या गेल्या. चंद्रपूर शहरात 'बंगाली कॅम्प' नावाचा भाग आहे. कॅम्प केव्हाच उठला, नाव उठले नाही. आपल्या भागात जंगलजमीन कसणाऱ्या गरिबाला 'जबरानजोतधारक' म्हणतात. शब्द तोच जबरीचा. भद्रलोकांची जबरी शहर झाली आणि जंगलातल्या माणसाची जबरी गुन्हा ठरली.

इथवर लिहिताना माझ्या मनात बंगाली निर्वासिताविषयी करुणा दाटली असेल. पण समीक्षेचे काम करुणेवर थांबत नाही. त्याला वसवले ती जमीन कोणाची होती?

सरकारी भाषेत ती 'पडीक' किंवा 'वन' होती. माडिया आणि गोंड माणसाच्या भाषेत ती तशी नव्हती. तिथे त्याचे मोह होते, तेंदू होता, देव होते, पूर्वजांची स्मारकशिळा होती. या मुलखासाठी लढलेल्या बाबूराव शेडमाक्यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला फाशी दिले गेले. ज्यांच्या इतिहासात असा फास आहे त्यांना न विचारता सरकारने त्यांच्या रानात गावे आखली. पाण्याच्या मुलखातून आलेल्या माणसाला भातशेतीचे आणि भाजीपाल्याचे कौशल्य होते. त्याला जमिनीचा तुकडा, बैल, बियाणे मिळाले. शेजारच्या टोल्यावरच्या आदिवासीला काय मिळाले? वनखात्याचा दंड. पुढे वसाहतींतली लोकसंख्या वाढली, वाटणीत तुकडे झाले, आणि कुऱ्हाड आणखी आत गेली. उधारी, बाजारातला भाव, जमिनीवरचा ताबा या कारणांनी आदिवासींच्या मनात साचलेला राग आपण पूर्वग्रह म्हणून उडवून लावू शकत नाही. तो राग खऱ्या नुकसानीचा आहे. निर्वासित गरीब होता म्हणून आदिवासीचे नुकसान कमी होत नाही.

म्हणजे घडले असे की राज्यसत्तेने एका उपेक्षिताचे पुनर्वसन दुसऱ्या उपेक्षिताच्या अंगणात केले, स्वतःचे काही खर्ची घातले नाही, आणि मग दोघांच्या भांडणात पंच म्हणून बसली. भद्रलोकांच्या कलकत्त्याने आपला नको असलेला भाऊ जंगलात पाठवला आणि सुटकेचा श्वास सोडला. १९७८ मध्ये दंडकारण्यातली हजारो कुटुंबे जंगल सोडून सुंदरबनातल्या मरीचझाँपी बेटाकडे निघाली. गरिबांचे म्हणवणारे डाव्या आघाडीचे सरकार तेव्हा कलकत्त्यात होते. जानेवारी १९७९ मध्ये त्याने बेटाची नाकेबंदी केली. गोळीबार झाला. मे महिन्यात झोपड्या जाळून बेट रिकामे केले गेले. किती मेले, याचा आकडा आजही वादात आहे. त्याच्या काही महिने आधी, १९७८ मध्येच, नामांतराच्या ठरावावरून मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळत होत्या. त्यांना आपली खबर नव्हती, आपल्याला त्यांची नव्हती.

आता कळीचा मुद्दा. पश्चिम बंगालमध्ये नमःशूद्र अनुसूचित जातीत आहेत. महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. घटनेच्या ३४१ व्या कलमाप्रमाणे यादी राज्यवार ठरते आणि तिच्यात फेरबदल फक्त संसद करू शकते. १९९० च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मुंबईतल्या एका वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात स्पष्ट केले की, एका राज्यातला अनुसूचित दर्जा स्थलांतरिताबरोबर दुसऱ्या राज्यात जात नाही. बागुलांच्या नायकाला जात चोरावी लागली होती. या माणसाची जात सरकारी कागदाने चोरली. आणि चोरली ती फक्त दाखल्यावरून. विहिरीवरच्या, लग्नाच्या, कॅम्पातल्या रांगेच्या आठवणीतून नाही.

त्याच १९९० साली आपल्यासाठी दुसरे दार उघडले होते, हे किती जणांच्या लक्षात आहे? १९५६ मध्ये आपण धर्म बदलला आणि केंद्राच्या यादीतून बाद झालो. अस्पृश्यता काल होती तशीच आज होती. फक्त रकान्यातला शब्द बदलला होता. महाराष्ट्र शासनाने आपल्या अखत्यारीत सवलती दिल्या तरी केंद्राचे दार चौतीस वर्षे बंद होते, आणि १९९० च्या कायद्याने ते उघडले. कागदाने माणसाचे दुःख पुसता येत नाही, हा आपलाच युक्तिवाद होता. नमःशूद्रांचा युक्तिवाद शब्दशः तोच आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरला बाबासाहेबांच्या हातून दीक्षा घेतलेल्यांच्या वारसांना तो परका वाटू नये.

यावर आपल्यातून येणारा आक्षेप मी चांगला ओळखतो, कारण तो माझ्याही पोटातून येतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातींचा वाटा १३ टक्के. ताट तेवढेच, पंगतीला आणखी एक. माझ्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. राखीव जागेवर प्रवेश मिळाल्याचे पत्र आले तेव्हा ते वाचता न येणाऱ्या माझ्या आईने ते कपाळाला लावले होते. एका जागेचे मोल मला कोणी शिकवण्याची गरज नाही. पण ताट लहान आहे म्हणून उपाशी माणसाला उपाशी नाही असे म्हणणे, हे आपल्याशी पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या व्यवहाराचेच अनुकरण आहे. त्यांचा समावेश व्हावा आणि लोकसंख्येच्या प्रमाणात ताटही वाढावे, ही मागणी एका दमात करता येते. ती आपण केली पाहिजे. अनुसूचित जातीची कसोटी अस्पृश्यता आहे. ती पद्मेच्या काठी भोगली की वैनगंगेच्या, याने तिची जात बदलत नाही.

त्याचबरोबर दुसरी अट तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. निर्वासिताला न्याय मिळायचा तो आदिवासीच्या जमिनीतून मिळता कामा नये. २००६ च्या वनहक्क कायद्याने धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखासारख्या गावाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवता आला. तो हक्क ग्रामसभेचा आहे आणि तिच्या संमतीविना एक एकरही कोणी मागू नये. याच कायद्याने आदिवासी नसलेल्या वननिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा पुरावा मागितला आहे. बंगाली वसाहतीतला माणूस ही अट पुरी करू शकत नाही. तो इथे तेवढा जुना नाहीच. पण पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेला आपला दलित शेतकरीही ती पुरी करू शकत नाही, कारण त्याच्या पणज्याची नोंद करावी असे कोणाला वाटले नव्हते. कागदाच्या एकाच भिंतीवर दोघांचे डोके आपटते आहे. या भिंतीच्या अलीकडे उभे राहून एकमेकांना 'बाहेरचा' म्हणण्यात काय पुरुषार्थ आहे?

शिवाय बाहेरचा होण्याची पाळी आपल्यावर दरवर्षी येते. हिवाळा सरला की आपल्याच गावांतली कुटुंबे कुलूप लावून तेलंगणात मिरची तोडायला जातात. परक्या शिवारात पालात राहतात, परक्या भाषेत मजुरी मागतात. २०२० च्या टाळेबंदीत तीच माणसे लेकरे खांद्यावर घेऊन, नद्या ओलांडून पायी परतली. तिकडच्या गावकऱ्याने त्यांना काय म्हणून हाक मारली असेल, याची कल्पना मार्कंड्याच्या जत्रेतल्या त्या गृहस्थांना सहज करता यावी.

आता बंगाली बांधवांविषयीही दोन शब्द, कारण बरोबरीच्या नात्यात स्तुतीपेक्षा चिकित्सा अधिक मानाची असते. वसाहतींना नावे पडली ती विवेकानंदपूर, सुभाषग्राम अशी. थोर माणसांची नावे आहेत, पण ती भद्रलोकांच्या बंगालची नावे आहेत. ज्या बंगालने तुम्हाला ठेवून घेतले नाही, त्याचीच पाटी गावावर लागली. हरिचंद-गुरुचंदांचा वेदांना नकार देणारा वारसा सोडून 'आम्ही हिंदू निर्वासित' एवढीच ओळख पुढे केली, तर २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीसारख्या कायद्यांत तुमचा धर्म मोजला जाईल, तुमची जात आणि तुमची भूक मोजली जाणार नाही. आणि शेजारच्या माडियाला 'जंगली' म्हणण्याची सवय जिथे जिथे लागली असेल, तिथे तिथे चांडाळाने मनूची भाषा उचलली आहे, हे स्वतःलाच सांगावे लागेल.

हे सांगणारे साहित्य बंगालीत आहे. मनोरंजन ब्यापारी हे बारिसालकडच्या नमःशूद्र निर्वासित कुटुंबातले. कॅम्पात वाढले, तुरुंगात अक्षरे शिकले, कलकत्त्यात रिक्षा ओढता ओढता महाश्वेता देवींच्या भेटीतून लेखक झाले. पुढे छत्तीसगढात शंकर गुहा नियोगींच्या चळवळीतही राहिले. त्यांच्या आत्मकथनाच्या शीर्षकातच 'चंडाल जीवन' हे शब्द आहेत. 'उपरा' आणि 'चंडाल' या दोन शब्दांची जातकुळी एकच आहे. शिवी उचलून नाव करणे हा दलित आत्मकथनाचा पाया आहे, आणि तो दोन भाषांत स्वतंत्रपणे घातला गेला. दोन्हींत भूक आहे, शाळेचे हुकलेले दार आहे. पण ब्यापारींजवळ एक गोष्ट अधिक आहे, ती म्हणजे हरवलेला गाव. आपल्या आत्मकथनातला नायक गावाने छळला तरी गावाला आपला म्हणून शिवी देऊ शकतो. निर्वासिताला शिवी द्यायलाही गाव उरत नाही. हा अनुभव आपल्या समीक्षेच्या चौकटीत अजून आलेला नाही. तो आला तर 'गावकुसाबाहेर' या आपल्या आवडत्या शब्दाचा अर्थ पुन्हा तपासावा लागेल.

म्हणून काही साधी कामे सुचवतो. आपल्या महाविद्यालयांतल्या मराठीच्या विद्यार्थ्यांनी सुंदरनगर, विवेकानंदपूर, सुभाषग्रामच्या म्हाताऱ्यांकडे जावे आणि त्यांचे कथन लिहून घ्यावे. ती पिढी आता फार दिवसांची सोबती नाही. त्याच आठवड्यात शेजारच्या गोंड-माडिया टोल्यावर जाऊन त्याच वर्षांचे दुसरे कथन लिहून घ्यावे. दोन्ही एकाच अंकात, समोरासमोर छापावीत. वसाहतींतल्या मुलांनी मराठीत लिहावे, आणि ते लिहिताना बंगाली शब्द पुसू नयेत. १४ एप्रिलच्या सभेत जोगेंद्रनाथ मंडलांचे नाव घ्यावे, आणि ते घ्यायला वसाहतीतल्याच कोणाला तरी मंचावर बोलवावे. आदिवासी कार्यकर्त्यालाही बोलवावे, आणि त्याने जे कडू सांगायचे ते त्याला सांगू द्यावे.

यंदाच्या जयंतीच्या बैठकीत मी हे बोललो. त्या गृहस्थांनी ऐकून घेतले आणि विचारले, "सर, मग आपल्या पोरांच्या जागांचं काय?" मी वर लिहिले ते उत्तर दिले. त्यांना ते पटले नाही. वाद रात्री साडेअकरापर्यंत चालला आणि पुढच्या रविवारवर गेला. जत्रेतल्या माझ्या गप्प राहण्यापेक्षा हा वाद बरा, आणि तो प्रत्येक वस्तीत व्हावा असे मला वाटते.